विटलंय का, बघ गं!



एक वाक्य असं आहे, की ते आपल्याकडच्या कुठल्याही घरात ऐकू येतं. घर झोपडीतलं असो की चौथ्या मजल्यावरचं, जात कुठलीही असो. कुणीतरी पातेल्यावरचं झाकण उचलतं, आत डोकावतं आणि हाक मारतं, "हे चांगलं आहे का गं? विटलंय का, बघ जरा." हाक मारणाऱ्याला नाक असतं, डोळे असतात. तरी निकाल द्यायला घरातली बाईच लागते. आई, बायको, सून, बहीण, कुणीही चालते. ती हातातलं काम टाकून येते, पातेलं नाकाशी नेते, बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावते आणि सांगते, "चालेल," किंवा "नको खाऊस."

अन्नाच्या प्रश्नावर आपण स्त्रिया गेली कित्येक वर्षं बोलतो आहोत. १९७२च्या दुष्काळात आणि महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांबरोबर मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, थाळ्या वाजवल्या. धान्य मिळतं का, कुठल्या भावाने मिळतं, रेशनच्या दुकानात काय शिल्लक असतं, हे प्रश्न आपण चव्हाट्यावर आणले. पण घरात आलेलं, शिजवलेलं, ताटात पडणारं अन्न खाण्याजोगं आहे की नाही हे कोण ठरवतं, या प्रश्नाकडे आपण घरगुती बाब म्हणून पाहिलं. मला वाटतं, ती तशी नाही. अन्न बिघडलं आहे हे ओळखायचं काम बाईचं, ओळखण्यात चूक झाली तर बोल तिला, पण "हे मी शिजवणार नाही, वाढणार नाही, खाणार नाही" असं म्हणण्याचा अधिकार मात्र तिचा नाही. या अंकात मला त्याबद्दल लिहायचं आहे.

आधी ज्ञानाबद्दल. आमच्या गटाच्या एका बैठकीत सहज विषय निघाला की आपण अन्न पारखतो कसं. दोन तास बोलणं संपेना. रात्रीचं वरण डावाने वर उचललं की तार धरतं का ते पाहायचं. भाकरीला चिकटपणा आला, की बुरा दिसायच्या आधीच ती गेली समजायचं. रव्यात दाणे एकमेकांना धरून बसले असतील तर आत जाळी आहे. शेंगदाणा खवट असेल तर तो पहिल्या चावण्यात कळत नाही, घशाशी कळतो. अंडं पाण्यात सोडायचं. तरंगलं तर जुनं. मासळी घेताना कल्ले उचलून लाल आहेत का पाहायचं, डोळे खोल गेलेत का ते पाहायचं आणि बोटाने दाबून खड्डा भरून येतो का तेही पाहायचं. कोकणातल्या मैत्रिणीने हे सांगितलं, तेव्हा देशावरच्या दोघी वहीत लिहून घेत होत्या.

रानातल्या बायकांचं ज्ञान तर याहून पुढचं. ठाणे-पालघरच्या डोंगरांत पहिल्या पावसानंतर उगवणारी कुठली अळंबी घ्यायची आणि कुठली पायानेही उडवायची नाही, हे आदिवासी बायका पोरींना दाखवून शिकवतात. कडूकंद तसाच खाल्ला तर घशाला आग आणि पोटाला बाधा. म्हणून त्याच्या चकत्या करायच्या, राखेबरोबर उकडायच्या, टोपलीत घालून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या, मग खायच्या. विष काढून टाकून अन्न शिल्लक ठेवण्याची ही रीत कुणा शास्त्रज्ञाने लिहून दिलेली नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी बायकांना दिली.

हे सगळं अभिमानाने सांगावं असंच आहे. पण तेवढ्यावर थांबलो, तर आपण आपल्यालाच फसवू. कारण नाकाला सगळं कळत नाही. अन्नाला वास आणतात ते जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडतात ते बरेचदा वेगळे. साल्मोनेला पोसलेल्या अन्नाला ना वास येतो, ना चव बदलते. भाताचंच घ्या. तांदळाबरोबर बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूची बीजं येतात आणि ती शिजवल्यानेही मरत नाहीत. भात उबदार हवेत रात्रभर तसाच राहिला की ती वाढतात आणि त्यातले काही जंतू असं विष तयार करतात, की जे पुन्हा गरम करूनही जात नाही. आपण सकाळी त्याच भाताला खमंग फोडणी देतो आणि वाटतं, कढईत सगळं मरून गेलं. फोडणीचा भात वाईट नाही. भाताने रात्र कशी काढली, यावर ते अवलंबून आहे. शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. फ्रिज नसलेल्या, पाणी दिवसाआड येणाऱ्या घरात हे कसं साधायचं, ते मात्र बाईने एकटीने सोडवायचं गणित ठरतं. लागेल तेवढंच शिजवणं, उरलेला भात पसरट ताटात पसरून लवकर गार करणं आणि तो रात्रभर चुलीजवळ न ठेवणं, एवढं तरी तिला साधता येतं.

उपासाच्या भगरीचं उदाहरण तर आपल्या फारच जवळचं आहे. दरवर्षी नवरात्र, महाशिवरात्र, एकादशी आली की भगर किंवा भगरीचं पीठ खाऊन उलट्या आणि चक्कर येऊन माणसं दवाखान्यात गेल्याच्या बातम्या येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सोमठाणा इथे सप्ताहातली भगर-आमटी खाऊन दोनशेहून अधिक लोक आजारी पडले. दवाखान्यात जागा नव्हती, म्हणून झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाइनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. भगर ओल लवकर धरते, बुरशी लवकर धरते आणि दळून ठेवलेल्या पिठात ती दिसतही नाही. अन्न व औषध प्रशासन सणांच्या तोंडावर सांगतं, की भगर निवडून, स्वच्छ करून, लागेल तेवढीच दळा, जुनं पीठ वापरू नका. पण उपासाचं म्हणजे पवित्र, आणि पवित्र म्हणजे निर्धोक, असा आपला समज असतो. वर्षभरात सगळ्यात जास्त उपास करते कोण? घरातली बाई. आणि उरलेलं भगरीचं पीठ डब्यात जपून पुढच्या एकादशीला काढते तीही तीच, कारण टाकायला जीव होत नाही.

हा "टाकायला जीव होत नाही" म्हणजे काय, ते नीट पाहू. घरात अन्न चार प्रकारांत विभागलं जातं. ताजं, जे पुरुषांना आणि मुलांना. सकाळचं, जे सगळ्यांना चालतं. शिळं, जे बाई खाते. आणि "आता काही खरं नाही" असं वाटणारं, ज्याचं काय करायचं ते ठरत नाही. या चौथ्या प्रकाराचं पातेलं समोर आलं की बाईच्या मनात दोन हिशेब चालू होतात. एक पोटाचा, एक पैशाचा. टाकलं तर सासू बोलेल, नवरा विचारेल, "एवढं केलंसच कशाला?" न टाकता वाढलं आणि कुणाला बाधलं, तर "तुला कळलं नाही का?" दोन्हीकडून सुटायचा एकच मार्ग तिला सापडतो. ती ते स्वतः खाते. "माझ्या पोटाला काही होत नाही," असं म्हणते. शंकास्पद अन्नाची चव घेणारी ती आणि शंकास्पद अन्न संपवणारीही ती. राजाच्या जेवणात विष आहे का हे पाहायला पूर्वी वेगळा माणूस ठेवत. आपल्या घरांत तो माणूस बिनपगारी आहे आणि त्याला आपण अन्नपूर्णा म्हणतो.

यातून काही घरं सुटतात, ती घरकामाला येणाऱ्या बाईमुळे. फ्रिजमधली चार दिवसांची भाजी बाहेर निघते. घरातलं कुणी खाणार नाही हे ठरलेलं असतं. मग हाक येते, "मावशी, नेता का?" मावशींनी "नको" म्हटलं तर तो माज ठरतो. नेलं तर त्या रात्री त्यांच्या घरी कुणीतरी तेच पातेलं नाकाशी धरून उभं असतं. आमच्याकडे येणाऱ्या घरकामगार मैत्रिणींपैकी एक म्हणाली, "ताई, मी घेते सगळं. कोपऱ्यावर जाऊन टाकते. तिथे नाही म्हणता येत नाही, कोपऱ्यावर म्हणता येतं." तिच्या या वाक्यात आपल्या समाजाचा मोठा इतिहास आहे. गावकीची कामं करून शिळे तुकडे आणि मेलेल्या जनावराचं मांस वाट्याला येणाऱ्या माणसांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडला सांगितलं, की हे खाणं सोडा. ते सांगणं पोटासाठी होतं, पण त्याहून जास्त माणूस म्हणून उभं राहण्यासाठी होतं. वाट्याला येणारं अन्न नाकारणं ही गोष्ट किती मोठी असू शकते, ते आपल्याला तिथून शिकता येतं.

पण नाकारायलाही घरात दुसरं काहीतरी असावं लागतं. १९७४ साली राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातेतला पंचमहाल या भागांत अवेळी पाऊस झाला, कापणीचा मका भिजला आणि त्यावर बुरशी धरली. या बुरशीपासून तयार होणाऱ्या अफ्लाटॉक्सिन या विषाने यकृत निकामी होतं. आदिवासी कुटुंबांना खायला तोच मका होता. ३९७ जण आजारी पडल्याची आणि १०६ जण दगावल्याची नोंद आहे. २००१ साली ओडिशातल्या काशीपूर भागात आंब्याच्या कोयींतल्या गराची पेज खाऊन आदिवासी माणसं मेली. नोव्हेंबर २०२४च्या सुमारास त्याच राज्यातल्या कंधमाल जिल्ह्यात पुन्हा तेच झालं आणि मेलेल्यांत तरुण स्त्रिया होत्या. दोन्ही वेळा वाद रंगला तो हा, की हे भूकबळी की अन्नातली विषबाधा. कोयी खाणं ही त्यांची सवयच आहे, असंही सांगितलं गेलं. कोयी वाळवून, भिजवून, नीट धुऊन खायची रीत आहे हे खरं. पण साठवणीला कोरडी जागा नसेल, पाऊस लागला असेल आणि मडक्यात दुसरं काही नसेल, तेव्हा वास घेणाऱ्या बाईला तो वास येऊन उपयोग काय? भूक लागलेल्या माणसाला अन्न पारखता येत नाही असं नाही; पारखून झालं तरी त्याला तेच खावं लागतं. ज्याला आपण अडाणीपणा म्हणतो, तो पुष्कळदा रिकाम्या मडक्याचा परिणाम असतो.

घरातलं हे चित्र घराबाहेर कसं दिसतं, ते बिहारमधल्या एका घटनेत लख्ख दिसलं. १६ जुलै २०१३. सारण जिल्ह्यातल्या धर्मासती गंडामन गावातली प्राथमिक शाळा. दुपारचं जेवण म्हणजे भात आणि सोयाबीन-बटाट्याची भाजी. ती खाऊन २३ मुलं मेली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होतं. २०१७ साली यवतमाळला फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा ज्या औषधांची नावं पुढे आली त्यांत हेही होतं. म्हणजे आपल्या रानातही ते नवं नाही. आणि औषधाचे रिकामे डबे धुऊन घरात तेलाला, रॉकेलला वापरणंही आपल्याला नवं नाही.

पण गंडामनची माझ्या मनातून न जाणारी गोष्ट वेगळी आहे. स्वयंपाक करणाऱ्या बाईला ते तेल बरोबर नाही हे कळलं होतं. तिने तसं सांगितलं, आणि तिला सांगण्यात आलं, की काही झालेलं नाही, स्वयंपाक कर. त्या वेळच्या बातम्यांत हे आलं आहे. तिने केला. तिनेही ते अन्न चाखलं आणि तीही दवाखान्यात गेली. स्वयंपाक करणाऱ्या बायकांची स्वतःची मुलंही त्याच पंगतीत बसली होती. २०१६ साली न्यायालयाने मुख्याध्यापिकेला दोषी ठरवून शिक्षा सुनावली. मुख्याध्यापिकाही स्त्रीच होती, याची आठवण आपण ठेवायला हवी. प्रश्न फक्त बाई आणि पुरुष यांच्यातला नाही, हुकूम देणारी आणि हुकूम ऐकणारी यांच्यातला आहे. नाक होतं, ज्ञान होतं, वेळेवर दिलेली सूचनाही होती. तिच्या शब्दाला वजन नव्हतं, एवढंच.

शालेय पोषण आहाराचे नियम त्यानंतर कडक झाले. अन्न मुलांना वाढण्याआधी किमान एका शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी ते चाखावं, असं आता नियमात आहे. चांगलं आहे. पण चाखायचं ते शिजल्यावर. तेलाचा डबा उघडताना, तांदळाचं पोतं सोडताना, डाळ निवडताना पहिली शंका येते ती स्वयंपाकीण बाईला. २००९ साली केंद्र सरकारने तिचं मानधन महिना १,००० रुपये ठरवलं. त्यात राज्यं आपापली भर घालतात. वेतन नाही, मानधन. नेमणूक कायमची नाही. गावातल्या कुणाची मर्जी फिरली तर ती जाते. अशा बाईने "हे तेल मी कढईत घालणार नाही" असं म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी तिची चूल चालू राहील याची हमी कोण देणार? ज्या दिवशी ती हमी मिळेल, त्या दिवशी मुलांचं अन्न खरं सुरक्षित होईल. काही ठिकाणी तर आता मध्यवर्ती स्वयंपाकघरातून गाड्या भरून अन्न येतं. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या डहाणू भागातल्या आश्रमशाळांतली अनेक मुलं एकाच वेळी आजारी पडली, तेव्हा हे अन्न असंच एका मध्यवर्ती स्वयंपाकघरातून आलेलं होतं. एका पातेल्याची चूक एका शाळेपुरती राहते, एका कारखान्याची चूक वीस शाळांत पोचते. आणि वाढणारीने झाकण उघडून नाक मुरडलं, तर तिचं ऐकायला स्वयंपाक करणारा जवळपास असतच नाही.

आता या सगळ्यात एक घोटाळा आहे. अन्न खाण्याजोगं आहे का, हा आरोग्याचा प्रश्न. ते कुणाच्या हातचं आहे, हा जातीचा प्रश्न. आपल्याकडे हे दोन्ही प्रश्न एकाच शब्दात बसवले जातात, तो म्हणजे "चालतं का?" विटणं आणि विटाळ हे शब्द कानाला जवळचे वाटतात, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्च १९२७ मध्ये अस्पृश्य मानलेल्या माणसांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर सवर्णांनी ते तळं "शुद्ध" केलं. कसं? शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी त्यात ओतून. प्यायच्या पाण्यात शेण कालवून ते शुद्ध झालं असं मानणारं डोकं आरोग्याचा विचार करत नव्हतं, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

ते डोकं अजून जागेवर आहे. २०१७ साली पुण्यात एका उच्चशिक्षित बाईंनी, स्वयंपाकाला येणाऱ्या बाईने जात लपवून आपलं सोवळं मोडलं, अशी पोलिसांत तक्रार केली. शाळांतल्या स्वयंपाकासाठी दलित आणि आदिवासी स्त्रियांना प्राधान्य द्यावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ सालचा आदेश आहे. तरी डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यातल्या एका शाळेत सवर्ण मुलांनी दलित भोजनमातेच्या हातचं खायचं नाकारलं आणि प्रशासनाने नियमाचं कारण काढून तिलाच कामावरून दूर केलं. दलित मुलांनी मग दुसरीच्या हातचं खायला नकार दिला, गवगवा झाला, तेव्हा तिला परत घेतलं. गंडामनच्या बाईचा नकार कुणी ऐकला नाही, इथे सवर्ण मुलांच्या आईबापांचा नकार लगेच ऐकला गेला. तेलाला वास येतो, हे कारण हलकं ठरलं; बाईची जात ठसठशीत ठरली.

आणि आपल्या पाळीचं काय? पाळीतल्या बाईने हात लावला की लोणचं नासतं, पापड लाल पडतात, हे शिकलेल्या घरांतही ऐकू येतं. लोणचं नासतं ते फोडी ओल्या राहिल्याने, मीठ कमी पडल्याने, तेलाचा थर वर न राहिल्याने आणि कुणीतरी ओला चमचा घातल्याने. तो चमचा बरेचदा पाळी न येणाऱ्याचा असतो. नासण्याचं खरं कारण शोधायच्या ऐवजी बाईला कोपऱ्यात बसवलं, की पुढच्या वर्षीही लोणचं नासतं. विटाळ पाळल्याने अन्न सुरक्षित होत नाही; उलट, सुरक्षित कसं ठेवायचं याचा विचार तिथेच थांबतो.

तेव्हा नाकाला मर्यादा आहेत, आणि परंपरेत शहाणपणाबरोबर अन्यायही मिसळलेला आहे. मग भरवसा कशावर ठेवायचा? माहितीवर आणि कायद्यावर, हे उत्तर बरोबर आहे, पण ती माहिती स्वयंपाकघरापर्यंत यायला हवी. ती कशी येत नाही, याचं ताजं उदाहरण रेशनच्या तांदळाचं. २०२१ नंतर रेशन आणि शाळांच्या तांदळात टप्प्याटप्प्याने लोह आणि जीवनसत्त्वं घातलेले दाणे मिसळायला सुरुवात झाली, साधारण शंभर दाण्यांत एक. बायका तांदूळ निवडायला बसल्या तर हे दाणे रंगाने आणि आकाराने वेगळे. पाण्यात टाकले तर तरंगतात. पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवण सांगते, वेगळं दिसतं आणि तरंगतं ते टाका. गावोगाव "प्लॅस्टिकचा तांदूळ" म्हणून ओरड झाली आणि बायकांनी ते दाणे वेचून फेकले. अधिकारी म्हणाले, अफवा, अडाणीपणा. मी म्हणते, त्या बायकांनी त्यांचं काम चोख केलं. दुकानाच्या दारात उभं राहून कुणी चार वाक्यं सांगितली असती, दाणा हातावर ठेवून दाखवला असता, तर त्यांनी दुसरा विचारही केला असता. हा तांदूळ कुणाला द्यावा, त्याचा फायदा किती, यावर चर्चा जरूर व्हावी; पण जिच्या हातून तो शिजणार तिला शेवटी कळावं, ही रीत बरी नव्हे.

कायद्याचंही तसंच. १९५४च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याच्या जागी २००६चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. त्यानुसार विकत घेतलेल्या पदार्थाचा नमुना शुल्क भरून तपासून घ्यायचा हक्क तुम्हाआम्हाला आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून मिठाईच्या दुकानात सुट्या मिठाईवरही ती किती तारखेपर्यंत खावी हे लिहिणं बंधनकारक झालं. ही पाटी मागून पाहा. दुकानदार आधी हसेल, मग शोधेल, पुढच्या वेळी लावलेली असेल. बचत गटांनी, महिला मंडळांनी महिन्याला एक नमुना तपासायला द्यायचं ठरवलं, तर ते एकटीदुकटीला जड जाणारं काम सहज होईल.

पण माझ्या मते काम घरातून आणि शाळेतून सुरू व्हायला हवं. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईला नकाराचा लेखी अधिकार हवा. तिने शंका घेतली की तो माल त्या दिवशी वापरायचा नाही, नोंदवहीत तिच्या नावाने नोंद करायची आणि त्यासाठी तिला कामावरून काढता येणार नाही, एवढं तीन ओळींत लिहिता येईल. शाळा व्यवस्थापन समितीवर असलेल्या मैत्रिणींनी पुढच्या बैठकीत हा ठराव मांडून पाहावा. घरकामाला येणाऱ्या बाईला आपण जे ताटात घेणार नाही ते देऊ नये. द्यायचं तर ताजं असताना, विचारून आणि "नको" ऐकायची तयारी ठेवून. आणि मुलग्यांना वास घ्यायला शिकवावं. यात हसण्यासारखं काही नाही. ज्या मुलाला वरण आंबलं की नाही हे कळतं, त्याला ते का आंबलं, कुणी उरवलं, आता कोण खाणार, हेही प्रश्न पडायला लागतात. पातेल्याला हात लावल्याशिवाय ते पडत नाहीत.

राहता राहिली आपली स्वतःची गोष्ट. शंका आली तर ते अन्न आपण स्वतःही खायचं नाही. हे लिहायला सोपं आणि करायला किती कठीण, ते तुम्हाला माहीत आहे. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या शंभरांतल्या सत्तावन्न स्त्रियांच्या अंगात पुरेसं रक्त नाही, असं २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. अशा शरीरांना आपण उरलंसुरलं संपवायचं काम देतो आहोत. "माझ्या पोटाला काही होत नाही" हे वाक्य यापुढे आपल्या तोंडी नको.

या अंकावर पत्रं लिहाल तेव्हा एवढं कळवा. तुमच्या घरात शेवटचं अन्न टाकलं गेलं ते कधी, ते टाकायचं कुणी ठरवलं, आणि टाकल्याबद्दल कुणी काही बोललं का? शाळेत, अंगणवाडीत, वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मैत्रिणींनी तर नक्की लिहावं. लिहिता येत नसेल तर कुणाकडून लिहवून घ्यावं. हवं तर नाव छापणार नाही. पत्रं पुढच्या अंकात येतील, आणि स्वयंपाकीण बायकांची पत्रं घेऊन आम्ही शिक्षण अधिकाऱ्यांकडेही जाणार आहोत.